थेऊरला स्विमिंग पूलभोवतीची फरशी दुसऱ्यांदा बसवली, त्या कामाचा रिव्ह्यू

5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते खाली लिहिलंय, पण आधी पूर्ण काम सांगते. कारण पुण्याच्या आजूबाजूला आता बंगल्यात, फार्महाऊसवर छोटा पूल बांधणारे बरेच जण झालेत आणि सगळ्यांचं लक्ष आतल्या निळ्या टाइल्सवर असतं, भोवतीच्या फरशीचा विचार शेवटच्या आठवड्यात होतो. आमच्याकडेही तेच झालं आणि त्यापायी तेच काम दोनदा करावं लागलं.

आमचं घर थेऊरला, नदीपासून फार लांब नाही, म्हणजे जमीन काळी. उसाला उत्तम, बांधकामाला तापदायक. पूल 24 बाय 12 चा, आरसीसीचा, त्याला आजपर्यंत काही झालेलं नाही. भोवतीची फरशी मात्र ज्यांना दिली होती त्यांनी (नाव लिहीत नाही) खड्ड्यातून निघालेली मातीच परत कडेला ढकलली, वर थोडी कच (दगडाचा चुरा), सिमेंटचा माल आणि त्यावर पॉलिश केलेला कोटा दगड. दिसायला पहिल्या दिवशी इतकं छान की आम्ही पाहुणे बोलावले. पुढच्या पावसाळ्यात एक बाजू बसली, उन्हाळ्यात दुसरी उचलली गेली, पूलच्या काठाला लागून लांबच्या लांब भेग पडली आणि पाणी सांडलं की ते परत पूलमध्येच यायचं, माती आणि पाला घेऊन. भाचा ओल्या कोट्यावरून घसरून कोपरावर पडला तेव्हा ठरवलं की आता हे उखडायचंच.

तीन ठिकाणी कोटेशन मागवलं. दोघांनी पहिला प्रश्न विचारला, दगड कुठला घालायचाय. तिसरे म्हणजे ज्यांच्या कामाचा हा रिव्ह्यू आहे ते मिस्त्री, वय पंचावन्नच्या आसपास, सोबत चार जणांची टीम. त्यांनी दगडाचं नावच काढलं नाही. कोपऱ्यातली पोकळ वाजणारी एक फरशी उचकटली, पहार उभी धरून नुसती हाताने दाबली, ती वीतभर खाली गेली. मग म्हणाले, "ताई, दगड बदलून काय होणार, याला खाली टेकायलाच काही नाही." माझ्यासाठी काम तिथेच ठरलं. घरचे जरा नाराज होते कारण यांचं कोटेशन सगळ्यात जास्त होतं, पण मला वाटतं आपण पैसे वरच्या दिसणाऱ्या दोन इंचांसाठी मोजतो आणि खालचे अडीच फूट फुकटात व्हावेत अशी अपेक्षा ठेवतो, ते चूक आहे.

काळ्या मातीचं गणित त्यांनी फार सोपं करून सांगितलं. पाणी पिली की फुगते, वाळली की आकसते, मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तेच फरशीखाली चालू असतं. पूलची भिंत जागची हलत नाही आणि शेजारची फरशी मातीबरोबर वरखाली होते. दोघांना सिमेंटने घट्ट जोडलं तर काहीतरी तुटणारच, म्हणजे आमच्याकडे काठ तुटला तो दगड खराब होता म्हणून नाही.

काम फेब्रुवारीत सुरू केलं, पावसाच्या आधी संपवायचं म्हणून. अडीच फूट काळी माती काढून बाहेर नेली, त्या जागी मुरूम, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थरावर पाणी मारून प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबून बसवायचं मशीन). पूलच्या भिंतीला लागून मात्र मशीन नेलं नाही, तिथे दोन माणसं धुम्मस घेऊन हाताने ठोकत होती. मुरमावर सोलिंग म्हणजे दगडांचा थर, त्यावर 4 इंच एम 20 ग्रेडचं काँक्रीट जाळी घालून, आणि त्यात साधारण आठ-आठ फुटांवर जॉइंट सोडले. दगडाची मांडणी अशी केली की वरच्या फरशीची रेघ बरोबर खालच्या जॉइंटवर येते, नाहीतर काँक्रीटची भेग दगडातून वर येते म्हणे. दहा दिवस ओली गोणपाटं टाकून क्युअरिंग, आणि गोणपाट वाळलेलं दिसलं की मिस्त्री पोरांना सरळ ओरडायचे. मुरूम भरायच्या आधी सगळ्या पाइपलाइनला प्रेशर लावून रात्रभर ठेवलं, तेव्हा एक जुना जॉइंट गळताना सापडला. तो फरशीखाली गेला असता तर परत खणणं आलं.

दगड निवडायची त्यांची पद्धत मला सगळ्यात आवडली. तीन नमुने आणले: काळा बेसाल्ट, हिरवट कोटा आणि फिकट करडा सादरहल्ली ग्रॅनाइट, फ्लेम फिनिशचा, म्हणजे वरची बाजू आगीने भाजून खरखरीत केलेला. तिन्ही तुकडे दिवसभर उन्हात ठेवले आणि दुपारी दोनला घरच्यांना अनवाणी उभं राहायला सांगितलं. बेसाल्टवर सासूबाई एक सेकंदही टिकल्या नाहीत, करड्यावर जेमतेम उभं राहता आलं. मग त्याच तुकड्यांवर साबणाचं पाणी ओतून पाय घासून बघायला लावलं, खरखरीत ग्रॅनाइट धरून ठेवतो, पॉलिशचा कोटा सरळ निसटतो. तर ग्रॅनाइट घेतला, 30 एमएम. खरं सांगायचं तर एप्रिलच्या भर दुपारी तोही चटके देतो, आम्ही आधी पाइपने पाणी मारतो आणि मगच मुलांना सोडतो. पण पुण्याच्या उन्हात दगड थंड राहील असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

अजून एक, जे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काम संपलं की बरेच जण डाग काढायला फरशीवर ॲसिड मारतात. कोटा आणि शहाबादी हे चुनखडीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. आमच्या जुन्या कोट्यावर पांढरे चट्टे पडले होते ते यामुळेच, आणि आम्ही दोन वर्षं क्लोरीनला दोष देत बसलो. या मिस्त्रींनी ग्रॅनाइटवरसुद्धा ॲसिड मारू दिलं नाही, जॉइंटमधलं सिमेंट खराब होतं आणि स्टीलची शिडी गंजते म्हणून. सिमेंटचे ओघळ ओले असतानाच स्पंजने पुसायला लावले.

उतार पूलपासून बाहेरच्या बाजूला, रुंद बाजूच्या 8 फुटांत दीड इंच. चालताना कळतही नाही, पण पाणी बरोबर बाहेरच्या चॅनेलमध्ये, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नालीत जातं. तपासायला त्यांनी पोराकडून गोटी मागून घेतली, काठावर ठेवून सोडली, ती गेली चॅनेलकडे, मग दुसरीकडून, तिसरीकडून. एका ठिकाणी गोटी मध्येच थांबली. तिथले चार दगड मी काही बोलायच्या आधीच उचलून परत बसवले. काठाचा दगड आणि बाकीची फरशी यांच्यामध्ये बोटभर फट ठेवलीय, आत फोमची दोरी आणि वर पीयू सीलंट, हाताने दाबलं की रबरासारखं दबतं. माती हलली तरी ही फट दबते, काठ तुटत नाही.

लाइटचं काम त्यांच्या इलेक्ट्रिशियनने केलं. पूलमधले दिवे 12 व्होल्टचे, ट्रान्सफॉर्मर लांब पंपरूममध्ये, 30 मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच), शिडी आणि रेलिंगचं अर्थिंग वेगळं तपासून दिलं. यात पैसे वाचवू नका, एवढंच म्हणेन. पावसाळ्यात पूल साफ करायचा म्हणून पूर्ण रिकामा करून ठेवू नका हेही त्यांनीच बजावलं, जमिनीतलं पाणी वर आलं की रिकामा पूल खालून उचलला जाऊ शकतो.

आता तक्रारी. काम बारा दिवस उशिरा संपलं, त्यातले चार दिवस टीम दुसऱ्या साइटवर होती आणि ते मला विचारल्यावरच कळलं, आधी सांगितलं नाही. दगड कापताना कटरवर पाणी नीट वापरलं नाही, सगळी पांढरी धूळ पूलमध्ये बसली, फिल्टर तीनदा बॅकवॉश करावा लागला, म्हणजे उलटं पाणी सोडून धुवावा लागला. जुन्या कोट्याचा ढीग गेटपाशी दोन आठवडे पडून होता, शेजारच्या काकांची गाडी वळेना. आणि सीलंट एका बाजूला गडद राखाडी, दुसऱ्या बाजूला फिकट, कारण मध्येच ट्यूब संपल्या. बदलून देतो म्हणालेत, दिवाळीनंतर. एक स्टार याच सगळ्यासाठी कापला, कामाच्या दर्जासाठी नाही.

खर्च एकूण अडीच लाखांच्या आसपास, सगळं धरून साधारण 480 स्क्वेअर फूट. पहिल्या वेळी याच्या निम्म्यात झालं होतं, आणि ते उखडायचे पैसे परत वेगळे गेले.

पावसाळा एक गेला. जुलैच्या मोठ्या पावसात मी छत्री घेऊन मुद्दाम उभी राहिले, चॅनेलमधून पाणी धो धो बाहेर जात होतं आणि पूलमध्ये बाहेरचं गढूळ पाणी आलं नाही. कुठे फरशी पोकळ वाजत नाही, काठाला केसाएवढीही भेग नाही. पण खरी परीक्षा मेमध्ये, माती आकसते तेव्हा, म्हणून आत्ताच मी जास्त बोलत नाही. मिस्त्रींनी फरशीच्या बाहेरच्या कडेला दोन फुटांची खडीची पट्टी ठेवलीय आणि तिथे काहीही लावू नका, पाणी घालू नका असं तीनदा सांगून गेलेत, कारण कडेची माती रोज भिजली की परत तेच फुगणं सुरू. सासऱ्यांनी तरी हौसेने तिथे जास्वंद लावली होती, ती गेल्या रविवारी आम्ही मुळासकट काढून विहिरीकडे हलवली.