‘अनमेल्डुंग होईल’ : बर्लिनमध्ये कागदाच्या नावाखाली झालेली फसवणूक

जर्मनीत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला खोलीपेक्षा खोलीचा कागद जास्त निकडीचा वाटतो, आणि हे ठगांना पक्कं ठाऊक असतं. कागद म्हणजे ‘अनमेल्डुंग’, आपण राहतो त्या पत्त्याची सरकारी नोंद. ती झाली की करक्रमांक पोस्टाने घरी येतो, बँकेत खातं उघडणं सोपं होतं आणि मुख्य म्हणजे व्हिसा संपण्याआधी पुढच्या वास्तव्य परवान्याचा अर्ज मार्गी लागतो. भारतातून मिळालेला विद्यार्थी व्हिसा बहुधा तीन ते सहा महिन्यांचाच असतो. त्यामुळे विमानातून उतरल्याबरोबर माणूस दिवस मोजायला लागतो.

२०२४ च्या हिवाळी सत्रासाठी मी बर्लिनला आले आणि याच धास्तीवर पोट भरणाऱ्या एकाने मला १,२३० युरोंना गंडवलं. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवाव्या लागणाऱ्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मधून महिन्याला ९९२ युरो सुटतात, म्हणजे सव्वा महिन्याचा खर्च गेला. पैशांचं दुःख आहेच, पण त्याहून मोठी डोकेदुखी अशी की ज्या घरात मी एक रात्रही राहिले नाही, तिथे माझी सरकारदरबारी नोंद होऊन बसली.

विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी लांबलचक होती, म्हणून मी प्रवाशांसाठीच्या एका हॉस्टेलमध्ये राहत होते. मराठी विद्यार्थ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात कुणीतरी जाहिरात फॉरवर्ड केली : बर्लिनच्या वेडिंग भागात खोली, सगळं धरून ४९० युरो, अनमेल्डुंग होईल. बर्लिनच्या मानाने भाडं कमी होतं, पण अविश्वास वाटावा इतकंही कमी नव्हतं. हे लोक आकडा फार विचार करून टाकतात. फोन केला तर पलीकडून चक्क मराठी. “अगं, घाबरू नकोस. मीही असाच आलो होतो. दादाच म्हण मला.” परक्या देशात, भाषेचा गंध नसताना, कुणी आपल्या बोलीत धीर दिला की निम्मी शंका तिथेच विरते.

त्याने खोली दाखवली. हे मुद्दाम सांगते, कारण ‘खोली न बघता पैसे पाठवू नका’ हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे, पण पुरेसा नाही. मी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं. स्वतःच्या किल्लीने त्याने दार उघडलं, स्वयंपाकघर दाखवलं, वॉशिंग मशीन कसं चालतं तेही समजावलं. पोटभाडेकरूचा करार आणि पासपोर्टचा फोटो दिला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “येऊन किती दिवस झाले तुला?” उत्तर ऐकून चेहरा गंभीर केला. “चौदा दिवसांत नोंद झाली नाही तर हजार युरो दंड असतो, माहितीये ना? पुढे परमिटच्या वेळी ते फाइलवर दिसतं.”

या एका वाक्यात त्याचं सगळं कसब होतं, म्हणून ते नीट उलगडून सांगते. जर्मनीचा नोंदणी कायदा, बुंडेसमेल्डेगेझेट्स, १ नोव्हेंबर २०१५ पासून लागू आहे. त्यात दोन आठवड्यांची मुदत आहे हे खरं, पण ती घरात राहायला गेल्या दिवसापासून मोजतात, देशात उतरल्या दिवसापासून नाही. राहायला जाण्याआधी नोंद करताच येत नाही. हॉटेल किंवा हॉस्टेलमध्ये उतरलेल्या आणि जर्मनीत दुसरीकडे कुठेही नोंद नसलेल्या माणसाला तर तीन महिन्यांपर्यंत नोंदणीची सक्तीच नाही. मुक्काम तीन महिन्यांच्या वर गेला की मग दोन आठवड्यांची मुदत सुरू होते. हजार युरो ही दंडाची कमाल मर्यादा आहे, उशीर झाला की हातात पडणारी पावती नव्हे. म्हणजे तो मला ज्या मुदतीची भीती घालत होता, ती माझ्यासाठी सुरूच झाली नव्हती. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर त्याचं अर्धं भांडवल संपलं असतं, म्हणून तुम्हाला सांगतेय.

खोली ‘दहा-बारा दिवसांत’ रिकामी होणार होती, आधीचा मुलगा निघाला की. पण कागद तो लगेच द्यायला तयार होता. घरमालकाचा दाखला, ज्याचं जर्मन नाव उच्चारताना जीभ अडखळते (वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, एकदाच लिहिते), तो कायद्याने लागतोच. त्यावर घर देणाऱ्याचं नाव-पत्ता, राहायला गेल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्यांची नावं असतात. त्याने तारीख आधीची घातली. “सगळे असंच करतात.” अनामत ६०० युरो, पहिलं भाडं ४९०, ‘नोंदणीचा खर्च’ १०० आणि सरकारी कार्यालयातली वेळ मिळवून दिल्याचे ४०. खात्यावरचं नाव त्याचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे, माझ्या खात्याची मर्यादा भरलीय.

यातले १०० आणि ४० हे आकडे पुन्हा वाचा. नोंदणी फुकट असते आणि नोंद झाल्याची पावतीही फुकट मिळते. बर्लिनमध्ये ब्युर्गरआम्टची, म्हणजे ही नोंद करणाऱ्या नागरी कार्यालयाची, वेळ ऑनलाइन किंवा ११५ या सरकारी क्रमांकावर फोन करून घेता येते, तिलाही पैसे पडत नाहीत. शिवाय शहरातल्या कुठल्याही भागातलं कार्यालय चालतं. वेळा मिळत नाहीत ही तक्रार खरी आहे, पण रद्द झालेल्या वेळा दिवसभर अधूनमधून परत दिसत राहतात. या टंचाईवरच मधले लोक जगतात. अनामतीचंही तसंच : मूळ भाड्याच्या तिपटीहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे, पहिला हप्ता भाडेकराराची मुदत सुरू होताना. किल्ली हातात येण्याआधी सगळी रक्कम मागणारा माणूस कायद्याच्या उलट दिशेने चाललेला असतो.

ब्युर्गरआम्टमध्ये काही मिनिटांत काम झालं. बाईंनी दाखला पाहिला, माहिती संगणकात घातली, शिक्का मारलेला कागद दिला. मला वाटलं, सरकारने पाहिलं म्हणजे खोली खरी असणार. इथेच बहुतेकांचा समज उलटा असतो. टेबलापलीकडचा कर्मचारी कागद पूर्ण भरलाय का एवढंच बघतो. घरी जाऊन बेल वाजवत नाही. दाखल्यावर सही करणाऱ्याने खरं लिहिलंय असं धरून व्यवहार पुढे सरकतो. ठगाला हेच हवं असतं, कारण सरकारी शिक्का पाहून आपण त्याच्यावर आणखी विश्वास ठेवतो आणि पुढचे काही आठवडे तक्रारही करत नाही.

मग चालढकल सुरू झाली. आधीच्या मुलाचं विमान पुढे गेलं. नंतर न्हाणीघरात पाइप फुटला. नंतर तो स्वतःच गावाला गेला होता. प्रत्येक मेसेजला गोड उत्तर यायचं, आणि एके दिवशी नंबरच बंद.

मी त्या इमारतीत गेले तेव्हा जिन्यात भेटलेल्या आजींनी माझ्याकडे पाहून तुटक इंग्रजीत विचारलं, “तूपण खोलीसाठी?” म्हणजे माझ्याआधी बरेच येऊन गेले होते. खरा भाडेकरू दोन दिवसांपूर्वी परत आला होता. तो शरद ऋतूत काही आठवडे परदेशी होता आणि तेवढ्यापुरतं त्याने घर इंटरनेटवरून एकाला दिलं होतं. त्या उसन्या किल्लीवर आमच्या दादांनी दुकान थाटलं होतं. पत्रपेटीवर त्याने आमच्या नावांची चिकटपट्टी लावून ठेवली होती. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, हे त्याला चांगलं माहीत होतं. ती पट्टी खऱ्या भाडेकरूने फाडून टाकलेली, पण चार वेगवेगळ्या भारतीय नावांची पत्रं त्याने बाजूला ठेवली होती. माझं एकच होतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, महिन्याला १८.३६ युरो. नोंद झाली की हे पत्र येतंच. करक्रमांकाचं पत्र गायब होतं. ते कुणी नेलं, मला अजून ठाऊक नाही. बँकेचं कार्ड आणि त्याचा पिनही इथे पोस्टाने येतात, तेव्हा पुढचा विचार तुम्हीच करा. माझं बँकेचं काम अजून सुरू झालं नव्हतं, एवढंच नशीब.

दाखल्यावरचा घरमालकही बनावट निघाला. इमारतीच्या दाराशी, आतल्या बाजूला, व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीचं नाव आणि फोन लिहिलेली पाटी होती. बर्लिनच्या पुष्कळ इमारतींत ती असते. पोटभाडेकरू म्हणून राहणार असाल तर मूळ भाडेकरूचा करार आणि मालकाची परवानगी दाखवायला सांगा, आकडे झाकून दाखवले तरी चालेल, आणि पाटीवरच्या नंबरला फोन करून मूळ भाडेकरूचं नाव जुळतंय का विचारा. ते माहिती देतीलच असं नाही, पण “फोन करणार आहे” एवढं म्हटल्यावर समोरच्याचा सूर बदलतो का हे तुम्हाला लगेच कळेल. पासपोर्टच्या फोटोला मात्र शून्य किंमत द्या. दुसऱ्या फसवलेल्या विद्यार्थ्याचा पासपोर्ट पुढच्याला दाखवणं ही यांची नेहमीची रीत आहे. आपल्या पासपोर्टची प्रत पाठवताना त्यावर तारीख आणि कारण आडवं लिहून पाठवा. खात्याच्या नावाबाबत आता थोडी मदत आहे : ऑक्टोबर २०२५ पासून युरो देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी नाव आणि आयबॅन (खातेक्रमांक) जुळतात का ते दाखवावं लागतं. ‘जुळत नाही’ असं दिसलं की थांबा, मग भाऊ असो की भाचा.

आता कागदाची दुसरी बाजू. न राहणाऱ्याला नोंदणीसाठी पत्ता पुरवायला कायद्याने बंदी आहे आणि पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पण खोटी नोंद करणाऱ्यालाही १,००० पर्यंत होऊ शकतो. म्हणजे फसलेला माणूस कागदोपत्री आरोपीच्या बाजूला उभा असतो, आणि म्हणूनच बरेच जण तोंड उघडत नाहीत. ‘फक्त अनमेल्डुंग, राहायचं दुसरीकडे’ अशा जाहिराती उघडपणे फिरतात, दोनशे-तीनशे युरोंत. काही सीनियर त्या सुचवतातही. मला हा सल्ला बेजबाबदार वाटतो. खरा मालक किंवा भाडेकरू तक्रार करतो, कार्यालय स्वतःहून नोंद काढून टाकतं आणि परवान्याचा अर्ज ज्या पत्त्यावर टेकलेला असतो तोच उरत नाही.

मी विद्यापीठातल्या विद्यार्थी संघटनेच्या मोफत कायदा सल्ल्याला गेले आणि तिथल्या माणसाने जे सांगितलं ते त्याच क्रमाने केलं. आधी बर्लिन पोलिसांच्या ऑनलाइन ठाण्यावर तक्रार, म्हणजे क्रमांक मिळतो. मग करार, पैसे पाठवल्याची पावती, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि तो क्रमांक घेऊन ब्युर्गरआम्ट. खऱ्या भाडेकरूने तोवर त्यांना पत्र पाठवलंच होतं, त्यामुळे मी स्वतःहून आले याचा उपयोग झाला. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं. दंड झाला नाही. पुढे वर्गातल्या एका मुलीच्या घरात खोली मिळाली, रीतसर मालकाच्या सहीने, आणि तिथे राहायला गेल्यावर नवी नोंद केली. परवान्याच्या अर्जासोबत एक पानभर खुलासा आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडली; त्यावर कुणी काही विचारलंही नाही. करक्रमांक पुन्हा मागवता येतो, पण तोही पोस्टानेच आणि नोंदलेल्या पत्त्यावरच येतो, म्हणून आधी पत्ता दुरुस्त करावा लागतो. तोवर काम करायचं असेल तर सर्वांत जास्त कापणाऱ्या सहाव्या करवर्गात पगार कापला जाऊ शकतो. नंतर हिशेब होतो, पण त्या महिन्यात हातात कमी येतात.

पैसे परत आले नाहीत. आरोपीचा शोध लागला नाही म्हणून प्रकरण बंद केल्याचं सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं पत्र आलं. तरी तक्रार करा, कारण तो क्रमांक नसता तर मी ब्युर्गरआम्टच्या टेबलापुढे रिकाम्या हाताने उभी राहिले असते. ज्या गटात जाहिरात आली तिथेही लिहा. मी लिहिलं तेव्हा त्याच पत्त्यावर नोंद झालेली आणखी दोघं समोर आली. त्यातला एक मुलगा तर महिनाभर गप्प होता, घरच्यांना कळेल म्हणून.

आणि अशा पत्त्यावर तुमची नोंद आधीच झाली असेल, तर ठगाचा नव्या नंबरवरून मेसेज येऊ शकतो : “अबमेल्डुंग करून देतो, १०० पाठव.” त्या दोघांपैकी एकाला आला होता. नोंद काढायलाही पैसे लागत नाहीत, आणि जर्मनीतच दुसऱ्या घरी नोंद केली की आधीची आपोआप निघते.