तांबेऱ्याचा प्रोजेक्ट: रोपातला एक जीन घ्यायचा की मोठ्या झाडाचे चार-पाच? (गोव्यात बसून ठरवणाऱ्यांसाठी)

सरळ मुद्द्यावर येतो. गोव्यात बॉटनी नाहीतर बायोटेकची एमएस्सी करताय, डिझर्टेशनला गव्हाचा तांबेरा (बुरशीचा रोग; काळा, पिवळा आणि पानावरचा असे तीन प्रकार) घ्यायचा विचार आहे आणि गाईडनी दोन ऑप्शन पुढे टाकलेत, सीडलिंग रेझिस्टन्स (रोप असल्यापासून रोगाला तोंड देणं) की अडल्ट प्लांट रेझिस्टन्स (झाड मोठं झाल्यावर तोंड देणं). बहुतेक जण पहिलं घेतात कारण ते पटकन संपतं असं वाटतं. माझं मत उलटं आहे, निदान गोव्यातून काम करणाऱ्यांसाठी तरी. इथे पोदेराचा पाव रोज खाल्ला जातो पण गव्हाचं शेत बघितलेला माणूस शोधावा लागतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आधी सीडलिंगवालं. हे एका मोठ्या जीनचं काम असतं. बुरशी पानात शिरताना आपली काही प्रोटीन्स आत सोडते, गव्हाचा जीन त्यातलं एक ओळखतो आणि त्या जागेच्या पेशी स्वतःच मरतात, मग जिवंत पेशीवरच जगणाऱ्या तांबेऱ्याला खायलाच उरत नाही. रोप असल्यापासून झाड म्हातारं होईपर्यंत चालतं. एसआर३५ आणि एसआर३३ हे असले जीन २०१३ मध्ये वेगळे काढले (नावात एसआर म्हणजे काळ्या तांबेऱ्याचा जीन, वायआर पिवळ्याचा, एलआर पानावरच्याचा, पीएम भुरीचा). गणितही सोपं, एकच डॉमिनंट जीन असेल तर एफ२ मध्ये ३:१, काय-स्क्वेअर लावा, व्हायव्हात कोणी अडवत नाही. बिफेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १९०५ च्या सुमाराला पिवळ्या तांबेऱ्यावर हेच दाखवलं होतं की रोगाला तोंड देण्याचा गुणसुद्धा मेंडेलच्या नियमानं पुढे जातो.

पण हा जीन म्हणजे गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्यावर एकाच नंबरप्लेटची गाडी अडवायची ऑर्डर असलेला पोलीस, प्लेट बदलली की गाडी सरळ आत. एसआर३१ चं तेच झालं. राय नावाच्या धान्याच्या क्रोमोसोमचा तुकडा गव्हात आणून मिळवलेला हा जीन जगभरच्या वाणांत घातला गेला, काळ्या तांबेऱ्याला घाबरायचं कारण नाही असं लोक म्हणायला लागले आणि १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली, तीच युजी९९. आपल्याकडे पंजाबातला पीबीडब्ल्यू ३४३ हा वाण पण असाच गेला, त्याचा वायआर२७ पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या रेसनं (बुरशीच्या उपप्रकारानं) मोडला आणि एवढा पसरलेला वाण हळूहळू बाजूला पडला.

आता अडल्ट प्लांटवालं. यात रोप लहान असताना तांबेरा येतो, झाड मोठं झालं की बुरशीचा वेग मंदावतो. फोड उशिरा येतात, बारीक येतात, कमी येतात. रोग शून्य होत नाही म्हणून बघायला काही भारी वाटत नाही. सगळ्यात प्रसिद्ध एलआर३४, ७डी क्रोमोसोमवर. हा एकटा पानावरच्या तांबेऱ्यावर, पिवळ्यावर, काळ्यावर आणि भुरीवर पण थोडाथोडा चालतो, म्हणून त्याला वायआर१८, एसआर५७, पीएम३८ अशी नावं आहेत, जीन तोच. २००९ मध्ये क्लोन झाला तेव्हा कळलं की हा बुरशी ओळखणारा जीनच नाही, पेशीच्या पडद्यातून पदार्थ इकडून तिकडे नेणारा एबीसी ट्रान्सपोर्टर आहे. एलआर६७ तर साखर नेणाऱ्या ट्रान्सपोर्टरचा निघाला, २०१५ मध्ये. काळ्या तांबेऱ्यासाठी एसआर२, तो मॅकफॅडन नावाच्या अमेरिकन पैदासकारानं १९२० च्या दशकात यारोस्लाव नावाच्या एमर गव्हातून (म्हणजे आपल्या खपलीचाच भाऊबंद) साध्या गव्हात आणला आणि आजही काम करतोय, शंभर वर्षं होत आली. एकटादुकटा असला तर जोराच्या साथीत कमी पडतो हेही खरं, पण असले चार-पाच एकत्र केले की शेतात जवळजवळ रोगच दिसत नाही.

शेतकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दुसरंच सरस, माझ्या मनात शंका नाही. पण तुमच्याकडे एक वर्ष आहे, मग?

सीडलिंग टेस्ट कागदावर सोपी. आठवडाभराच्या रोपावर बुरशीची पावडर फवारायची, रात्रभर दमट ठेवायचं, साधारण दोन आठवड्यांनी ० ते ४ स्केलवर मार्क द्यायचे. पण तांबेरा लॅबच्या प्लेटवर वाढत नाही, जिवंत गव्हावरच सांभाळावा लागतो, थंड चेंबर लागतो, आणि नुसता तांबेरा नाही, ओळखलेल्या रेसचा सेट लागतो. ते काम शिमल्याला फ्लॉवरडेलच्या गहू संशोधन केंद्रात चालतं. जुने गोव्याच्या केंद्रात भात, काजू, माड यांची माणसं आहेत, त्यांच्याकडे तांबेरा मागून उपयोग नाही.

अडल्टवाल्याला शेत लागतं, एकाहून जास्त हंगाम लागतात, म्हणजे तेही गेलं असं वाटेल. इथेच गंमत आहे. झाड मोठं झाल्यावर काम करणारा जीन डीएनएमध्ये मात्र बी रुजल्या दिवसापासून असतोच. कुंडीत, कॉलेजच्या गच्चीवर, चार पानं आली की डीएनए काढा, पीसीआर लावा. एलआर३४ साठी सीएसएलव्ही३४ मार्कर (जीन आहे की नाही सांगणारी डीएनएची खूण) आहे, जीन असेल तर साधारण १५० बेसचा पट्टा, नसेल तर २२९ चा, साध्या अगारोज जेलवर डोळ्याला फरक दिसतो. तांबेऱ्याचा एक कणही गोव्यात आणायचा नाही. फक्त संपूर्ण जीनोम सिक्वेन्स करू वगैरे स्वप्नं बघू नका, गव्हाचा जीनोम १६-१७ अब्ज बेसचा, भाताच्या चाळीसपट, त्याचा धड रेफरन्ससुद्धा २०१८ मध्ये आला.

कमी काय पडतं? मार्कर फक्त जीन आहे एवढं सांगतो, शेतात किती तांबेरा आला ते नाही. आणि हा मार्कर जीनच्या शेजारचा आहे, क्वचित चुकतो, त्यामुळे जमलं तर जीनच्या आतला मार्करपण लावा. शेतातले आकडे अखिल भारतीय गहू प्रकल्पाच्या वार्षिक रिपोर्टमध्ये वाणांप्रमाणे असतात, ते जोडून टेबल करा. पुण्याच्या आघारकर संस्थेचे एमएसीएस वाण आणि धारवाडचे वाण घेतले तर विषय आपल्या बाजूचाही होतो.

अपवाद एकच. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा केंद्रात नाहीतर निलगिरीत वेलिंग्टनला काही महिने राहायची सोय खरोखर होत असेल, पत्र हातात असेल, तर सीडलिंग बिनधास्त घ्या. निलगिरी-पळणीच्या डोंगरांत तांबेरा वर्षभर जिवंत राहतो आणि वाऱ्यानं उत्तरेकडे जातो हे तांबेऱ्यावर काम करणारे शास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी फार पूर्वी शोधलं, तिथे बसून शिकण्यासारखं दुसरं काही नाही.

गाईड भातवाले असतील तर आणखी एक मुद्दा सांगा. एलआर३४ भातात घातल्यावर करप्याला पण अडवतो हे २०१६ मध्ये दाखवलंय. गोव्यात करपा सगळ्यांना माहीत आहे, तेवढ्यावर मान हलते.

बियाण्याचं पत्र पावसाळ्यातच पाठवा, नोव्हेंबरला धावपळ करू नका, आणि वाणांबरोबर थॅचर (एलआर३४ नसलेला वाण) आणि आरएल६०५८ नक्की मागा. दुसरा म्हणजे एलआर३४ घातलेला थॅचरच, या दोन लेन जेलवर नसल्या तर बाकीचे पट्टे कशाशी ताडून बघणार?