मांद्र्याची विहीर आणि दोन सळ्यांची पेटी

आमचं घर गोव्यात, पेडणे तालुक्यात, मांद्र्याला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. विहीर आजेसासऱ्यांनी खणलेली. खणताना वाळूबरोबर टोपल्याच्या टोपल्या शिंपले निघाले होते, असं सासूबाई अजून सांगतात. हे शिंपले पुढे गोष्टीत येणार आहेत, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात गोड असतं आणि फाल्गुनापासून जड होत जातं. साबणाला फेस येत नाही. शॉवरची भोकं बुजतात, स्टीलच्या नळावर पांढरे ओघळ सुकतात. पूर्वी न्हाणीघरातल्या तांब्याच्या हंड्याला आतून पापुद्रा धरायचा आणि सासूबाई तो भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालांनी घासून काढायच्या. आता गीझर आहे. त्याची कॉइल भिरंडाने घासता येत नाही. दोन वर्षांत दोन कॉइल जळल्या होत्या. म्हणजे त्रास खरा होता, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

एप्रिल 2023. भर दुपारी दोघं तरुण आले. गळ्यात ओळखपत्र, हातात काळी पेटी. ‘काकी, पाण्याची मोफत तपासणी चालू आहे, गावात सगळीकडे करतोय.’ सासूबाईंनी त्यांना ओसरीवर बसवलं, ताक दिलं. एकाने नळाखालून ग्लास भरून घेतला, दुसरा ग्लास स्वतःच्या बाटलीतून भरला. ‘हे आमच्या मशीनमधून गेलेलं पाणी.’ मग पेटीतून दोन-दोन धातूच्या सळ्यांची जोडी काढली, दोन्ही ग्लासांत बुडवली आणि पेटीची वायर प्लगमध्ये घातली.

मिनिटभरात आमच्या ग्लासातलं पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, मग चिखलासारखा गाळ वर तरंगायला लागला. त्याच्या ग्लासातलं पाणी होतं तसंच स्वच्छ. घरात कुणी काही बोललं नाही. तो म्हणाला, ‘काकी, हे तुम्ही रोज पिता.’

तेवढ्यावर तो थांबला असता तर कदाचित आम्ही विचार केला असता. पण त्याने नळावरचा पांढरा थर नखाने खरवडून बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तळहातावर ठेवला. ‘काका, मुतखड्याचा त्रास आहे का घरात कुणाला?’ बाबांना होता. चार वर्षांपूर्वी एकदा म्हापशाला न्यावं लागलं होतं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण साठीच्या पुढच्या माणसाला असा प्रश्न विचारला की दहातल्या काही घरांत होकार येणारच. ‘हाच थर आत बसतो,’ तो म्हणाला. बाबा तळहाताकडे बघत राहिले.

संध्याकाळपर्यंत व्यवहार ठरला. स्टीलचं एक नळकांडं, आत चुंबक, टाकीतून घरात येणाऱ्या पाइपवर बसवायचं. मीठ लागत नाही, वीज लागत नाही, दहा वर्षांची हमी. 28,500 रुपये. त्यातले 3,500 रोख, बाकीचे यूपीआयवरून. पैसे गेले ते एका माणसाच्या वैयक्तिक खात्यात. मी विचारलं, तर ‘कंपनीचं खातं आज अपडेट होतंय’ असं उत्तर आलं. पावती मिळाली ती छापील पुस्तकातली, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता. आयएसओचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र दाखवलं होतं. ते संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळतं, यंत्र काय काम करतं याच्याशी त्याचा संबंध नसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता सर्वांत महत्त्वाचं सांगते. ते नळकांडं चाललं! मे महिना कसाबसा गेला, जूनमध्ये पाऊस लागला आणि जुलैपर्यंत साबणाला भरभरून फेस यायला लागला. नळावर नवे ओघळ नाहीत. चवथीला हरमलहून नणंद आली, तिला मीच हौसेने नेऊन ते नळकांडं दाखवलं. तिने त्याच माणसाला फोन केला आणि तिच्याही घरी तसंच बसलं. पावसाळ्यात आमचं पाणी दरवर्षीच गोड होतं, विहीर पावसाच्या पाण्याने भरते म्हणून, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असूनही त्या वर्षी आम्ही श्रेय चुंबकाला दिलं. या माणसांचं फिरणं एप्रिल-मेमध्येच का असतं, ते मला आता कळतं.

2024च्या फेब्रुवारीत ओघळ परत आले. फोन केला तर माणूस आला आणि म्हणाला, चुंबक ‘रिचार्ज’ करावं लागतं. 4,200 रुपये. ते आम्ही दिले. कायमच्या चुंबकाला रिचार्ज कसला, हे मला साधी शंका म्हणूनही विचारता आलं नाही. मार्चअखेर तिसरी कॉइल जळली. त्यानंतर तो फोन बंद.

माझा मावसभाऊ म्हापशात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. त्याला रडतच सगळं सांगितलं. तो पुढच्या रविवारी आला. येताना दोन लोखंडी खिळे, वायर, जुना चार्जर आणि दुकानातली आरओच्या पाण्याची बाटली घेऊन आला. बाटलीतल्या पाण्यात खिळे बुडवले, काही झालं नाही. मग त्याने त्याच ग्लासात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं. थोड्या वेळात ग्लासात हिरवट-तपकिरी गाळ. सासूबाई म्हणाल्या, ‘अरे, हे तर मिठाचं पाणी!’

गाळ पाण्यात नव्हताच. तो लोखंडातून येतो. पाण्यात क्षार विरघळलेले असले की वीज वाहते, लोखंडी सळी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, सळी झिजत नाही, पाणी स्वच्छ दिसतं. आपलं कुठलंही विहिरीचं पाणी, कितीही चांगलं असलं तरी, त्या पेटीत घाण दिसणारच. तुमच्या ओसरीवर कुणी असा प्रयोग मांडला तर त्याच्या ‘स्वच्छ’ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा.

मग त्याने विहिरीचे दोन नमुने नेले, एक नळकांड्याच्या आधीचा आणि एक नंतरचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याने मला समोर बसवून तपासणी केली. नमुन्यात रंग घातला की पाणी तांबडं होतं, आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचेच्या नळीतून, ईडीटीए नावाच्या रसायनाचे थेंब पडत गेले की एका क्षणी निळं होतं. किती थेंब लागले त्यावरून जडपणा कळतो. दोन्ही नमुन्यांचा आकडा लिटरमागे 380 मिलिग्रॅमच्या आसपास आला. नळकांड्याने काहीही केलं नव्हतं.

शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणायचे, ते हेच. पावसाचं पाणी वाळूतल्या शिंपल्यांमधून झिरपतं, थोडं कॅल्शियम विरघळवून घेतं. उन्हाळ्यात विहीर आटली की तेच पाणी घट्ट होत जातं, आणि किनाऱ्यालगत समुद्राचा खारेपणाही थोडा आत सरकतो. तापवलं की विरघळलेल्या कॅल्शियमचा काही भाग घट्ट होऊन कॉइलवर बसतो. हे क्षार काढायचे तर पाण्यातून खरोखर काहीतरी बाहेर जावं लागतं. रेझिनचा सॉफ्टनर, म्हणजे बारीक कृत्रिम मण्यांमधून पाणी नेऊन जडपणा काढणारं यंत्र, कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, आणि ते रेझिन परत परत मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. म्हणून ‘मीठ लागत नाही’ हीच खरं तर शंका घेण्याची जागा होती. चुंबक पाण्यातून काहीच काढत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणाऱ्या मीटरवरही भरवसा ठेवू नका. सॉफ्टनर चांगला चालत असला तरी टीडीएसचा आकडा फारसा उतरत नाही, आणि तो मीटर जंतू मोजत नाही.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस 10500 आहे. त्यात जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय, आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतो. म्हणजे आमचं पाणी कॉइलला वाईट होतं, माणसाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने कुठलीच मर्यादा घातलेली नाही.

आणि इथे मला खरा राग येतो. त्या तळहातावरच्या चिमटीनंतर बाबांनी विहिरीचं पाणी पिणं कमी केलं. घोट घोट मोजून प्यायचे, आम्हाला न सांगता. मशीन बसलं तरी मनातली भीती गेली नव्हती. मे महिन्यात त्यांना पुन्हा कळ आली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो हा की दिवसाला पाणी किती पिता. मुतखडा झालेल्या माणसाने भरपूर पाणी प्यायचं असतं. 32,700 रुपये गेले ते आम्ही एक दिवस विसरू. पण जे पाणी हेच औषध होतं, तेच विष आहे असं एका म्हाताऱ्या माणसाला सांगून तो मुलगा आमच्याच घरचं ताक पिऊन गेला, हे मी विसरू शकत नाही.

सध्या आम्ही गीझरला चांदेलच्या पाणीपुरवठा प्रकल्पाच्या नळाचं पाणी जोडून घेतलंय, विहिरीचं पाणी प्यायला, बागेला आणि कपड्यांना. नळाला पाणी नसतं त्या दिवसांत विहिरीचंच वापरतो, आणि वर्षातून दोनदा इलेक्ट्रिशियनकडून कॉइल काढून लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात भिजवून घेतो. शॉवर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला की सकाळी भोकं मोकळी. बाबा विहिरीचं पाणी पुन्हा पोटभर पितात.

पावतीवरच्या पत्त्यावर गेलो तेव्हा शटर बंद होतं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि 2025च्या फेब्रुवारीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला, कारण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. नणंदेने पावतीच ठेवली नव्हती, तिच्या हातात फक्त यूपीआयचा स्क्रीनशॉट आहे. तोही आम्ही जोडलाय. पेडणे, बार्देशात किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला कुणाच्या घरी अशी काळी पेटी येऊन गेली असेल तर पावती, स्क्रीनशॉट, फोन नंबर, ओळखपत्राचा फोटो, जे असेल ते फेकू नका. तारीख लिहून ठेवा आणि दोन वर्षं उलटायच्या आत अर्ज करा.