जेटपॅक कंपोजमधील मजकुराचे दृश्य परिणाम: देवनागरीच्या कसोटीवर एक परीक्षण

अँड्रॉइडवर मजकूर दाखवण्याच्या जुन्या टेक्स्टव्ह्यू पद्धतीत सावलीची सोय एक्सएमएल या मांडणीच्या फाइलमध्येच होती. मात्र शीर्षकाला दोन रंगांची मिसळ द्यायची झाली, की मांडणी पूर्ण होण्याची वाट पाहून, रुंदी मोजून, पेंट या रंगवणाऱ्या साधनाला शेडर, म्हणजे रंगछटेचा नियम, लावावा लागे. बाह्यरेषेसाठी तर बहुतेक जण टेक्स्टव्ह्यूचा उपवर्ग लिहून तीच अक्षरे दोनदा रंगवत. अँड्रॉइडचे पडदे थेट कोडमधून रचणाऱ्या जेटपॅक कंपोज या साधनाची १.० आवृत्ती जुलै २०२१ मध्ये आली आणि पुढच्या आवृत्त्यांत ही सारी कामे टेक्स्टस्टाइल, म्हणजे मजकुराची शैली, या एकाच ठिकाणी आली. सावली, ब्रश (रंगछटा भरणारा) आणि ड्रॉस्टाइल (अक्षर भरीव की नुसत्या बाह्यरेषेचे हे ठरवणारा) हे तिन्ही आता अक्षराच्या जाडीइतकेच साधे गुणधर्म आहेत. मजकूर मजकूरच राहतो, म्हणजे तो निवडता येतो, वाचक-साधनांना वाचता येतो आणि वापरकर्त्याने अक्षरे मोठी केली तर परिणामही त्यांच्याबरोबर मोठ्या अक्षरांवर बसतो. माझ्या मते ही या साधनाची सर्वांत मोठी कमाई आहे.

सावलीला रंग, विस्थापन आणि धूसरतेची त्रिज्या अशी तीन मूल्ये द्यावी लागतात. त्रिज्या शून्य ठेवून थोडे विस्थापन दिले, तर छापील जाहिरातीसारखी ठसठशीत सावली मिळते. विस्थापन शून्य ठेवून त्रिज्या वाढवली, तर अक्षराभोवती प्रभा दिसते. एका शैलीत सावली मात्र एकच बसते. दोन सावल्यांसाठी एकावर एक दोन टेक्स्ट (मजकूर दाखवणारे घटक) ठेवावे लागतात, आणि तसे करताना मी सुरुवातीला एक गंभीर चूक केली होती: टॉकबॅक हा अँड्रॉइडचा पडदा-वाचक तेच शीर्षक दोनदा वाचून दाखवत होता. खालच्या, केवळ शोभेच्या प्रतीवर क्लिअरअँडसेटसेमँटिक्स लावून ती वाचनातून वगळणे आवश्यक आहे.

ब्रश हा मला सर्वांत आवडलेला भाग आहे, पण त्याचा विस्तार नीट समजून घ्यावा लागतो. रंगछटा अक्षरांच्या रुंदीवर नव्हे, तर संपूर्ण परिच्छेदाच्या चौकटीवर पसरते. त्यामुळे पूर्ण रुंदी व्यापणाऱ्या टेक्स्टमध्ये छोटासा शब्द असेल, तर त्याच्या वाट्याला पहिल्या रंगाच्या आसपासच्याच छटा येतात आणि परिणाम लागलाच नाही असे वाटते. मजकुराच्या एका तुकड्यापुरत्या असलेल्या स्पॅनस्टाइलमधून एखाद्याच शब्दाला ब्रश दिला तरी मोजमाप परिच्छेदाचेच राहते. शब्दापुरती संपूर्ण छटा हवी असल्यास मांडणी झाल्यावर तिचा तपशील देणाऱ्या ऑनटेक्स्टलेआउटमधून त्याची जागा काढून ब्रशची सुरुवात आणि शेवट स्वतः ठरवावे लागतात. वाचनीयतेसाठी डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ हे अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील विरोधाचे प्रमाण सांगितले आहे. रंगछटेत ते पार्श्वभूमीशी सर्वांत मिळत्याजुळत्या टोकाशी तपासावे, सरासरी रंगाशी नव्हे.

धूसर करणारा ब्लर मॉडिफायर (घटकाला बाहेरून जोडायचा बदल) वेगळ्या जातीचा आहे, कारण तो अक्षरांवर नव्हे तर तयार झालेल्या चित्रावर चालतो. तो अँड्रॉइड १२ पासून पुढेच काम करतो. त्याआधीच्या आवृत्त्यांवर तो कोणतीही सूचना न देता दुर्लक्षिला जातो. म्हणून खात्यातील शिल्लक किंवा सांकेतिक क्रमांक लपवण्यासाठी त्याच्यावर कधीही विसंबू नये. जुन्या फोनवर तो आकडा स्पष्ट दिसेल, आणि नव्या फोनवरही टॉकबॅक तो वाचून दाखवू शकेल. लपवायचा मजकूर मुळात टेक्स्टला देऊच नये.

देवनागरीसाठी काम करणाऱ्यांनी अधिक बारकाईने पाहायला हवे. ड्रॉस्टाइलमध्ये स्ट्रोक (बाह्यरेषा) दिला, की रेषा अक्षराच्या कडेवर मध्यभागी बसते, निम्मी आत आणि निम्मी बाहेर. लॅटिन अक्षरे सुटी असल्याने तेथे परिणाम स्वच्छ दिसतो. आपल्याकडे शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर नको असलेल्या उभ्या रेघा उमटतात. आधी दुप्पट जाडीचा स्ट्रोक आणि त्यावर भरीव अक्षरे अशा दोन थरांनी त्या झाकल्या जातात. रेषांचा जोड गोलाकार ठेवल्यास टोकदार काटेही निघत नाहीत. अर्धपारदर्शक रंगाचा त्रासही याच कारणाने होतो: शिरोरेषेचे सांधे दोनदा रंगून गडद ठिपके दिसू शकतात. अशा वेळी रंग अपारदर्शक ठेवून पारदर्शकता ग्राफिक्सलेयरच्या (संपूर्ण घटकाच्या चित्रथराच्या) अल्फा या पारदर्शकतेच्या मूल्यातून द्यावी, म्हणजे संपूर्ण शब्द एकसंध फिका होतो. अक्षरांतील अंतर वाढवण्याची फॅशन तर देवनागरीत टाळलेलीच बरी, कारण शिरोरेषा तुटली की शब्दाचा शब्दपणाच जातो.

हालचालीच्या परिणामांत कंपोजची रचना विचारपूर्वक केलेली आहे. रंग, ब्रश किंवा सावली बदलल्याने मजकुराची मांडणी नव्याने करावी लागत नाही. अक्षरांचा आकार बदलला तर मात्र हालचालीच्या प्रत्येक चौकटीला (फ्रेमला) ती करावी लागते, आणि सेकंदाला ६० चौकटींच्या पडद्यावर एका चौकटीसाठी जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. आकार फुलवायचा असेल तर तो ग्राफिक्सलेयरच्या प्रमाणातून फुलवावा आणि टेक्स्टमोशन हा शैलीतील गुणधर्म ‘अॅनिमेटेड’ ठेवावा, म्हणजे अक्षरे थरथरत नाहीत.

टंकलेखन यंत्रासारखा एकेक अक्षर उमटवण्याचा परिणाम लोकप्रिय आहे, आणि येथे कंपोज सारे काही लिहिणाऱ्यावर सोडते. ‘क्षितिज’ हा शब्द युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणात सात चिन्हांचा आहे. तो चिन्हागणिक दाखवला, तर आधी ‘क’ दिसतो, मग पायमोडका ‘क्’, मग एकदम ‘क्ष’, आणि नंतर डावीकडून वेलांटी येऊन सगळे उजवीकडे ढकलते. मजकूर तोडण्याच्या जागा शोधणारा ब्रेकइटरेटर वापरून अक्षरसमूहांनुसार तुकडे केले, की हा गोंधळ बराच कमी होतो. परंतु जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या २०२३ मधील आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या फोनांवर ‘क्’ वेगळा पडतो. तेथे हलन्तानंतर व्यंजन आल्यास दोन्ही तुकडे जोडून घेणारी चार ओळींची तपासणी आपणच लिहावी.