डबल इलेक्ट्रिक ब्रेस्ट पंप: झिजतो व्हॉल्व्ह, ठपका आईवर

बाळाला घरी ठेवून कामावर परतणाऱ्या आईला डबल इलेक्ट्रिक पंप उपयोगी पडतो, यात वाद नाही. दोन्ही बाजूंचं दूध एकदम निघतं आणि पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. खरी अडचण पुढे येते. फ्लँज (स्तनावर बसणारा नरसाळ्यासारखा भाग) मापाचा नसतो किंवा एखादा रबरी भाग सैल पडलेला असतो, बाटली 30 मिलीवर अडते, आणि ‘नोकरीपायी दूध आटलं, बाळाची आबाळ झाली’ असं आई मनाला लावून घेते. म्हणून इथे मोटरपेक्षा त्या फुटकळ भागांबद्दलच जास्त.

खोक्यात बहुधा 24 आणि 28 मिमीचे फ्लँज येतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पंप लावण्याआधी फक्त स्तनाग्राचा व्यास बुडाशी मोजायचा, भोवतीचा काळसर भाग धरायचा नाही. फ्लँज तेवढाच किंवा 2-3 मिमी मोठा हवा. कित्येकींचं माप 17 ते 21 मध्ये बसतं, आणि तो आकार खोक्यात नसतोच. फ्लँज मोठा झाला की काळसर भागही फ्लँजच्या नळीत ओढला जातो, सूज येते, दूध पुरतं निघत नाही. लहान झाला तर घासून चिरा पडतात. मोठ्या फ्लँजमध्ये बसणारे सिलिकॉनचे इन्सर्ट मिळतात, ते चालतात. काही आठवड्यांनी माप पुन्हा घ्यावं, बदलू शकतं.

दुसरा अपराधी म्हणजे बदकाच्या चोचीसारखा डकबिल व्हॉल्व्ह. चोचीची चीर मिटलेली असायला हवी. उजेडात धरल्यावर फट दिसली, तर सक्शन, म्हणजे पंपाची ओढ, तिथून गळतंय. दिवसातून चार-पाच वेळा पंप चालत असेल, तर महिन्या-दीड महिन्यात व्हॉल्व्ह बदलावा लागतो. मोटरचा आवाज मात्र तसाच राहतो, त्यामुळे यंत्रावर कुणाचा संशय जात नाही. ब्रशने घासल्याने चीर रुंदावते, बोटांनी हलकेच धुवावा. दूध मोटरकडे जाणाऱ्या हवेच्या नळीत जाऊ नये म्हणून बसवलेला पडदा ओला राहिला तरी जोर घटतो. नळीत दमट वाफ दिसली, तर नुसती नळी जोडून पंप काही मिनिटं चालवायचा.

सक्शन वाढवलं की दूध वाढतं, हा गैरसमज आहे. दुखायला लागलं की पान्हा अडतो. त्रास होत नाही तिथवरच वाढवायचं. आधी साधारण दोन मिनिटं जलद मोड, धारा लागल्या की संथ मोड, धारा थांबल्यावर पुन्हा जलद. मधूनमधून हाताने स्तन दाबत राहिलं, तर दुसऱ्यांदा पान्हा फुटायला मदत होते.

आता ॲप. या पंपांसोबत येणारी सर्वांत नकोशी गोष्ट हीच. रोजच्या मिलीलिटरचा आलेख काढते, आणि संध्याकाळचा आकडा सकाळपेक्षा कमी असतो, हे नेहमीचंच असलं तरी आलेख पाहून धास्ती बसते. बाळाला पाजून झाल्यावर पंप लावला, तर दोन्ही बाजूंचं मिळून 15 ते 60 मिली निघणं अगदी सामान्य आहे. बाळ पंपापेक्षा चांगलं ओढतं. एक ते सहा महिन्यांचं, फक्त अंगावर पिणारं बाळ चोवीस तासांत सरासरी 750 मिलीच्या आसपास पितं. म्हणजे आठ तासांसाठी अंदाजे 250 मिली पुरे, फ्रीझर भरून पिशव्या लागत नाहीत. दूध पुरतंय का, हे वाढत्या वजनावरून आणि दिवसाच्या सहा-सात ओल्या लंगोटांवरून कळतं.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रीजमध्ये 4 दिवस, फ्रीझरमध्ये 6 महिने चांगलं राहतं. वितळवल्यावर फ्रीजमध्ये 24 तास. मायक्रोवेव्हमध्ये नको, एखादाच भाग कढत होऊन तोंड भाजतं.

पुस्तिका ज्यावर गप्प असते अशी आणखी एक गोष्ट: पान्हा फुटण्याच्या क्षणभर आधी काहींना अचानक उदास, अपराधी वाटतं, पोटात खड्डा पडतो, आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. याला डी-मर म्हणतात. ही शरीराची प्रतिक्रिया असते, बाळाबद्दलच्या मायेशी तिचा संबंध नाही. पण हा भाव दिवसभर टिकत असेल, झोप उडत असेल, तर पंप बाजूला ठेवून डॉक्टरांना सांगायचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला वापरतात त्या एडिनबर्ग प्रश्नावलीतल्या दहा प्रश्नांत ‘विनाकारण स्वतःला दोष दिला का’ हाही एक आहे.

कपड्यांत लपणारे बिनवायरचे पंप दुसरा पंप म्हणून ठीक आहेत. पण स्तनाग्र मधोमध बसलंय का, हे बऱ्याचदा दिसत नाही, आणि वाकलं की दूध सांडतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दीड महिन्यात एकट्या त्याच्यावर विसंबू नये. कोणताही पंप घेताना व्हॉल्व्हचे दोन जादा जोड आणि आपल्या मापाचा फ्लँज लागलीच मागवून ठेवावा.