एमसीडी४३ए३ : उत्तरेच्या जंगलांचा अल्बेडो डेटा, मार्च ते मध्य-ऑक्टोबर उत्तम, हिवाळ्यात जपून

जंगल ऋतूप्रमाणे किती ऊन परत फेकतं आणि किती पिऊन टाकतं, हा विषय कोल्हापुरात बसून प्रकल्पासाठी घ्यायचा असेल तर दाजीपूरपेक्षा फिनलंड-कॅनडाची सूचिपर्णी जंगलं निवडावीत. दाजीपूरवर जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, त्यामुळे ऐन पावसाळ्यातला आलेख तुटका येतो. उत्तरेत बर्फामुळे फरक ठळक असतो. त्यासाठी नासाचं एमसीडी४३ए३ हे फुकट डेटा-उत्पादन फार चांगलं आहे. फक्त त्याची एक मर्यादा कोल्हापूरकराला सहसा सुचणार नाही अशी आहे.

आधी काय दिसायला हवं ते सांगतो, म्हणजे डेटा बरोबर उतरला की नाही ते कळेल. अल्बेडो म्हणजे पडलेल्या उन्हापैकी परत गेलेला वाटा. कॅनडात १९९० च्या दशकात झालेल्या बोरियाज या जंगल-हवामान अभ्यास मोहिमेच्या मोजमापांत उन्हाळ्यातल्या सूचिपर्णी जंगलाचा अल्बेडो ०.०८ च्या आसपास, तर गवताळ जागेचा ०.२० निघाला. बर्फ पडल्यावर गवताळ जागा ०.७५ वर गेली. जंगलही तसंच पांढरं होईल असं वाटतं, पण स्प्रूस-पाइनचा आकडा ०.११ ते ०.१५ एवढाच राहिला, आणि पानं गळालेल्या अ‍ॅस्पेनचा ०.२१. कारण साधं आहे. बर्फ जमिनीवर असतं आणि काळपट शेंडे त्याच्या वर. तिरपं ऊन जमिनीपर्यंत पोचण्याआधीच फांद्यांत अडकतं, आणि फांद्यांवरचं बर्फ वाऱ्याने झडून जातं. युरोपीय हवामान केंद्राच्या मॉडेलमध्ये बर्फाळ जंगलाला ०.८ पर्यंत अल्बेडो धरला जात होता. १९९६ मध्ये तो ०.२ वर आणला, तेव्हा उत्तरेकडच्या वसंतातल्या तापमानाचा अंदाज लक्षणीय सुधारला. एवढं या एका आकड्याचं वजन आहे.

आता उत्पादनाबद्दल. टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणांतून २००० च्या फेब्रुवारीपासून रोजचा आकडा ५०० मीटर पिक्सेलवर मिळतो. रोजचा म्हटला तरी तो १६ दिवसांच्या निरीक्षणांतून बांधलेला असतो, नवव्या दिवसाला जास्त वजन देऊन. एका रात्रीच्या हिमवृष्टीचा ठसा त्यात धूसर होतो, हे गृहीत धरूनच वाचावं.

एका ठिकाणासाठी अख्खी टाइल (मोठ्या भूभागाची फाइल) उतरवू नका. नासाच्या ॲपिअर्स सेवेत अर्थडेटाचं मोफत खातं काढून ‘पॉइंट’ मागणी करा. उदाहरणार्थ फिनलंडमधलं हायटियाला संशोधन केंद्र : अक्षांश ६१.८५, रेखांश २४.२९, आजूबाजूला स्कॉट्स पाइन. आवृत्ती ०६१ निवडा आणि तीन थर घ्या : शॉर्टवेव्हचा (म्हणजे एकूण सूर्यप्रकाशाचा) ब्लॅक-स्काय, शॉर्टवेव्हचा व्हाइट-स्काय आणि त्याचाच मँडेटरी क्वालिटी, म्हणजे आकडा किती भरवशाचा ते सांगणारी खूण. तिसरा थर विसरलात तर सगळं काम वाया गेलं समजा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये सरळ उघडते.

ब्लॅक-स्काय म्हणजे फक्त थेट ऊन, तेही स्थानिक मध्यान्हीचं. व्हाइट-स्काय म्हणजे सगळीकडून सारखा येणारा विखुरलेला प्रकाश. खरं आकाश या दोन्हींच्या मध्ये असतं. ब्लॅक ०.११०, व्हाइट ०.१३० आणि विखुरलेल्या प्रकाशाचा वाटा ४० टक्के असेल, तर ०.६ × ०.११० + ०.४ × ०.१३० = ०.११८.

चुका कुठे होतात? उन्हाळ्यातला आकडा ०.०८ ऐवजी ८० दिसला तर ०.००१ ने गुणायचं राहिलंय. ३२७६७ म्हणजे रिकामी जागा, ती सरासरीत घेऊ नका. क्वालिटी ० असेल तर आकडा पूर्ण गणिताचा. १ असेल तर निरीक्षणं कमी पडली म्हणून आधीच्या साच्यावर बसवलेला. बर्फ वितळायच्या आठवड्यांत असे १ बरेच येतात, ते टाकून न देता आलेखात वेगळ्या रंगाने दाखवावेत. फिनलंडमध्ये तळ्यांची भलतीच गर्दी आहे. गोठलेलं तळं पिक्सेलमध्ये शिरलं की जंगल उगाच पांढरं दिसतं, म्हणून उपग्रहचित्रावर बिंदू तपासूनच निवडा.

आणि ती मर्यादा. कोल्हापुरात २१ डिसेंबरलाही दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंश वर असतो, त्यामुळे सूर्याच्या उंचीची काळजी आपल्याला करावीच लागत नाही. हायटियालात त्या दिवशी तो ५ अंशही चढत नाही. सूर्य डोक्यावरच्या बिंदूपासून ७० अंशांहून जास्त कलला की हे गणित विश्वासाचं राहत नाही. तिथे हे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत चालतं. या काळातले आकडे फाइलमध्ये आले तरी निष्कर्षात वापरू नयेत.

टेरा-अ‍ॅक्वा आता जुने झालेत, त्यांची कक्षा सरकते आहे. २०२२ नंतरची वर्षं घ्यायची असतील तर सुओमी एनपीपी उपग्रहाच्या व्हीएनपी४३ या तशाच उत्पादनाशी ताडून पाहा, तो डेटा २०१२ पासून आहे.

पहिल्या प्रयोगासाठी एकाच अक्षांशावरचे दोन बिंदू पुरे : एक दाट पाइनमधला, एक उघड्या शेतातला. १ मार्च ते १५ जून एवढाच आलेख काढा. शेताची रेघ बर्फ वितळताना कड्यावरून पडल्यासारखी खाली येते, पाइनची मात्र थोडीशीच उतरते.