‘स्लमडॉग’, ‘गल्ली बॉय’ की ‘झुंड’? मंडळाच्या पडद्यावर नेमका कोणता लावावा

‘झोपडपट्टीतून वर आलेल्या पोराचा सिनेमा लावूया’ हे मंडळाच्या बैठकीत पाच मिनिटांत ठरतं. वाद सुरू होतो तो कोणता लावायचा यावरून. बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही बसा, नावं तीनच पुढे येतात: ‘स्लमडॉग मिलेनियर’ (२००८), ‘गल्ली बॉय’ (२०१९) आणि ‘झुंड’ (२०२२). समोर बारकी पोरं जास्त बसणार असतील तर ‘हाफ तिकीट’ (२०१६) आधी आठवायला हवा, आणि नेमका तोच कुणाला आठवत नाही.

तिन्ही सिनेमांत पोरगा गरीब आहे आणि शेवटी टाळ्या आहेत. पण तो वर येतो कशाच्या जोरावर, हे तिन्हींत वेगळं आहे. स्लमडॉगमध्ये नशीब, गल्ली बॉयमध्ये शब्द, झुंडमध्ये फुटबॉल. निवड यावरून करा, ऑस्करच्या आकड्यावरून नको.

आकडा तसा स्लमडॉगचा मोठाच आहे. दहा नामांकनं, आठ ऑस्कर. त्यातली दोन ए. आर. रहमानची, एक ध्वनीसाठी रसूल पुकुट्टी यांना. विकास स्वरूप यांच्या कादंबरीवरून डॅनी बॉयलनं केलेला हा सिनेमा बरोबर दोन तासांचा आहे, आणि गोष्ट अशी घट्ट विणलेली आहे की मधे उठून चहाला जाणारा माणूस हरवतो. प्रश्नमंजूषेत बसलेल्या जमालला प्रत्येक उत्तर त्याच्या लहानपणीच्या एकेका जखमेतून सापडतं. पण जखमा दाखवताना हात आखडलेला नाही: भीक मागायला लावण्यासाठी पोराचे डोळे घालवण्याचा प्रसंग आहे, पोलीस कोठडीतला विजेचा झटका आहे, दंगल आहे. अमेरिकेत त्याला ‘आर’ श्रेणी (सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसासोबतच प्रवेश) मिळाली ती उगाच नाही. पहिल्या रांगेत सतरंजीवर सात-आठ वर्षांची मुलं बसणार असतील तर हा लावूच नका.

दुसरी अडचण भाषेची. मूळ आवृत्तीत पोरांचं लहानपण हिंदीत आहे, पण पोलीस ठाणं आणि स्पर्धेचा मंच सुरुवातीपासून इंग्रजीत बोलतो. आगगाडीवरून घसरून पोरं ताजमहालासमोर येतात तिथून तर तीही इंग्रजी बोलू लागतात. त्याच वेळी मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. म्हणून प्रत मागवताना ‘स्लमडॉग करोडपती’ ही हिंदी आवृत्तीच हवी असं स्पष्ट सांगा. मूळ प्रतीत हिंदी संवादांचं इंग्रजी भाषांतर रंगीत चौकटींत, पडद्यावर कधी इकडे कधी तिकडे येतं. ते परदेशी प्रेक्षकांसाठी आहे, आपल्याला निव्वळ अडथळा.

आणि भजनी मंडळातली माणसं प्रेक्षकांत असतील तर एका चुकीची तयारी ठेवा. ‘दर्शन दो घनश्याम’ कुणी लिहिलं, या प्रश्नाला सिनेमा ‘सूरदास’ हे उत्तर बरोबर धरतो. ते गीत १९५७ च्या ‘नरसी भगत’मधलं, गोपालसिंह नेपाली यांचं. हे कुणीतरी मोठ्यानं बोलणारच. क्रिकेटवाल्यांना मात्र प्रथम श्रेणीतल्या सर्वाधिक शतकांच्या प्रश्नावर हमखास मजा येते. उत्तर सांगत नाही, पण आरशावरचं अक्षर बघा.

‘गल्ली बॉय’ हे नाव बेळगावात वेगळंच ऐकू येतं. इथं पत्ताच गल्लीनं सुरू होतो: गणपत गल्ली, नार्वेकर गल्ली, भातकांडे गल्ली. झोया अख्तरच्या सिनेमातली गल्ली धारावीची आहे आणि मुराद तिथल्या एका ड्रायव्हरचा कॉलेजात जाणारा मुलगा. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांच्या वाटचालीवरून तो सुचलेला आहे. गरिबीचा अपमान इथं मारहाणीतून कमी आणि मानपानातून जास्त दिसतो. परदेशी पाहुणे पैसे मोजून मुरादचं घर बघायला येतात, तो प्रसंग पाहा: घर केवढंसं, त्यात माणसं किती आणि फोटो काढणारे किती. आईच्या भूमिकेत अमृता सुभाष आहेत, आणि बापानं दुसरी बायको घरात आणल्यावर त्यांचा चेहरा जे सांगतो ते संवादांत नाही. सतरा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींसाठी तिन्हींत हाच सरस. साठीच्या पुढच्यांना मात्र अर्धे शब्द कळत नाहीत, आणि दोष त्यांचा नाही. मुंबईची टपोरी हिंदी आणि वर रॅपचा वेग.

यात हमखास बिघडतो तो आवाज. रॅपमध्ये जीव शब्दांत असतो आणि खाली ठोका जड असतो. आरतीला लावलेले कर्णे तसेच ठेवून हा सिनेमा लावला तर ठोका फाटतो आणि शब्द चेचले जातात. दोन बॉक्स स्पीकर माणसाच्या डोक्याच्या वर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना लावा. बास अर्ध्यावर आणा, मधला स्वर थोडा चढवा. ‘अपना टाइम आएगा’ वाजवून बघा. सगळ्यात मागच्या खुर्चीवर शब्द सुटे ऐकू आले तर जमलं.

आता ‘झुंड’. आमचं मत लपवत नाही: मिश्र वयाच्या, मराठी घरांतल्या प्रेक्षकांसाठी या तिघांत हाच लावावा, वेळेची सोय होत असेल तर. नागराज मंजुळे यांचा हा हिंदी सिनेमा नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या या क्रीडाशिक्षकानं वस्तीतली पोरं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिली, आणि त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. पडद्यावर ती भूमिका अमिताभ बच्चन करतात. गंमत बघा: स्लमडॉगमधलं पोरगं याच बच्चनची सही घ्यायला संडासाच्या खड्ड्यात उडी मारतं, आणि इथं तेच बच्चन वस्तीतल्या पोरांच्या पायाशी चेंडू टाकतात. संगीत अजय-अतुल यांचं आहे. पोरं बहुतेक पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आलेली आहेत आणि त्यांची हिंदी नागपुरी वळणाची आहे. आपल्या कानाला ती नवी लागते, पण परकी लागत नाही.

पूर्वार्धातला वस्ती विरुद्ध कॉलेज हा सामना सगळं मैदान उभं करतो. गोवा हाकेच्या अंतरावर असल्यानं आपल्याकडे फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. खरी गंमत मात्र उत्तरार्धात आहे, आणि तिथंच लोक उठतात, कारण चेंडू थांबतो आणि कागद सुरू होतात. परदेशी स्पर्धेला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला पुरावा हवा. रिंकू राजगुरू यांनी केलेली मोनिका आणि तिचा बाप ‘आम्ही आहोत’ एवढं सिद्ध करायला दारोदार फिरतात. ज्याच्या हातात कचेरीतून कानडी उतारा पडतो आणि तो वाचून घ्यायला ज्याला शेजाऱ्याला हाक मारावी लागते, त्याला हा भाग लांबलेला वाटत नाही. मध्यंतरात माइकवरून एवढंच सांगा, ‘आता सामना कमी, धावपळ जास्त’, आणि खुर्च्या भरलेल्या राहतात.

‘हाफ तिकीट’विषयी थोडक्यात. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या ‘काका मुट्टै’ या तमिळ सिनेमावरून समित कक्कड यांनी तो मराठीत केला. रुळाकडेचा कोळसा वेचणाऱ्या दोन भावांना पिझ्झा खायचा आहे, बस. कुणी करोडपती होत नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना यापेक्षा चांगला पर्याय या विषयात नाही, आणि आज्यांनाही तो पोटभर हसवतो. ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) सिनेमा म्हणून कदाचित या सगळ्यांपेक्षा मोठा आहे, पण त्यात कुणी वर येत नाही. उत्सवाच्या रात्री तो लावून लोकांना गप्प घरी पाठवू नका; त्याला वाचनालयाचा हॉल आणि चाळीस खुर्च्या बऱ्या.

आता घड्याळ, कारण अर्धा निर्णय तेच करतं. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. सणासाठी मुदतवाढ असेल तर ती त्या ठरावीक दिवसांपुरतीच. सप्टेंबरात आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे पडद्यावर चित्र नीट दिसायला सात वाजतात. दहा मिनिटांचं मध्यंतर धरून स्लमडॉग सव्वानऊच्या आत संपतो, गल्ली बॉय पावणेदहाच्या पुढेमागे. झुंड जवळजवळ तीन तासांचा. तो दहाच्या पलीकडे जातो आणि शेवटचा विमानतळाचा प्रसंग, ज्यासाठी सगळं पाहायचं, तोच बिनआवाजाचा होतो. म्हणून झुंड उघड्यावर लावायचा तर नोव्हेंबरअखेरीस लावा. सहा-चाळीसला अंधार होतो, पाऊस नसतो, पावणेदहाला-दहाला माणूस घरी.

दहा फूट रुंद चित्राला तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो, पण जवळचा रस्त्यावरचा दिवा झाकायला हवा. भिंग दीडाच्या प्रमाणाचं, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर मागणारं, असेल तर प्रोजेक्टर पडद्यापासून पंधरा फुटांवर येतो, प्रेक्षकांच्या मधोमध. तिथं चौकट आखून ठेवा, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकी सिनेमात काम करतात. स्लमडॉगचं चित्र आडवं, पट्टीसारखं आहे: दहा फूट रुंदीला उंची सव्वाचार फूटच मिळते, तेव्हा पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, जमिनीपासून किमान चार फूट ठेवा. पडदा मांजरपाटाचा शिवून घेत असाल तर शिवण मधोमध येऊ देऊ नका, चेहऱ्यावर रेघ उमटते. खालची कड दोरीनं ताणून बांधा. वारा सुटला की सगळे चेहरे डुलायला लागतात.

परवानगीचं काम आधी उरका. मोबाइलवरच्या ओटीटीचं खातं घरी बघण्यासाठी असतं. चौकात दाखवायला हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांचं लेखी पत्र लागतं, तिकीट नसलं तरी. निर्मात्याच्या किंवा वितरकाच्या कचेरीला महिनाभर आधी ईमेल करा: तारीख, जागा, अंदाजे माणसं, तिकीट नाही. उत्तर ज्या सिनेमाचं आधी येईल, पुष्कळदा तोच लावला जातो.